चेक लिहिल्यापासून वटेपर्यंत : मधल्या दिवसांचा इतिहास

अकरावी कॉमर्सच्या बुक-कीपिंगमध्ये ‘बँक जुळवणी पत्रक’ नावाचा एक धडा असतो. आपण सायन्सवाले त्याच्या वाटेला जात नाही. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं, आणि पीएच.डी.साठी पैसे पोचवण्याच्या व्यवस्थांच्या इतिहासाकडे वळले तेव्हा मार्गदर्शकांनी सगळ्यात आधी वाचायला लावला तो हाच धडा. धडा सोपा आहे. दुकानदाराच्या वहीत बँकेतली शिल्लक एक दिसते आणि पासबुकात दुसरीच दिसते. का, ते शोधून दोन्ही आकडे जुळवायचे. कारणांच्या यादीत वरची दोन नेहमीची: चेक दिले, पण ते अजून बँकेत आले नाहीत, चेक भरले, पण ते अजून वटले नाहीत.

बुक-कीपिंगच्या दृष्टीने ही तफावत म्हणजे कटकट, ती काढून टाकायची. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तीच मुद्द्याची गोष्ट आहे. चेक लिहिला तो दिवस आणि खात्यातून पैसे गेले तो दिवस, या दोन तारखांच्या मध्ये तेच पैसे दोन माणसांचे असतात. देणाऱ्याच्या खात्यात ते अजून दिसतात. घेणाऱ्याने ते आपल्या वहीत जमा धरलेले असतात. बँकेतली माणसं याला ‘फ्लोट’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मीही फ्लोटच म्हणणार आहे. या मधल्या दिवसांवर किती लोकांनी आपला महिना रेटला, ते दिवस कुणाच्या मालकीचे होते आणि ते कसे संपत गेले, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथे एक गंमत आहे. भारतातला चेक ज्या कायद्याने चालतो तो परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. व्यवहारात सगळे त्याला ‘एनआय ॲक्ट’ म्हणतात, तसंच आपणही म्हणू. या कायद्याच्या २२ व्या कलमात मुदतीच्या कागदांना, म्हणजे ठरलेल्या तारखेला फेडायच्या वचनचिठ्ठ्या आणि बिलांना, तीन दिवसांची सवलत दिलेली आहे. कागदावर १० तारीख लिहिली असेल तर मुदत भरते १३ तारखेला. ही जुनी व्यापारी रीत, कायद्याने ती उचलली. चेकला मात्र ही सवलत नाही. चेक म्हणजे ‘मागताच द्या’ असा बँकेला दिलेला हुकूम. आपल्याकडच्या हुंडीतही हा फरक होताच: दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. (देशी भाषांतल्या कागदांबाबतच्या स्थानिक रिवाजांना या कायद्याने पहिल्याच कलमात हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे हुंडीचा संसार पुढे बराच काळ वेगळा चालला. ‘हुंडणावळ’ हा शब्द त्यातलाच.)

म्हणजे कायद्याच्या नजरेने चेक लिहिताना पैसे खात्यात असायला हवेत. व्यवहारात मात्र चेकलाही दोन-तीन दिवस मिळत राहिले. ते कायद्याने दिले नव्हते, ते अंतराने दिले होते. कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत माणसाने नेऊन द्यावा लागतो, तेवढा वेळ.

हा वेळ कसा तयार होतो याचं मला आवडणारं वर्णन एका गणितज्ञाने केलेलं आहे. संगणकाच्या इतिहासात ज्यांचं नाव पहिल्या पानावर येतं त्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३२ साली यंत्रं आणि कारखानदारीच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरचं क्लिअरिंग हाउस येतं. एक मोठी खोली, भिंतीकडेने बँकांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने बसलेले तीसेक कारकून, प्रत्येकाशेजारी एक उघडी पेटी. इतर बँकांचे कारकून येतात आणि ज्या बँकेवरचा चेक असेल त्या बँकेच्या पेटीत टाकून पुढे जातात. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाचं देणं-घेणं वजा करून उरेल तेवढीच रक्कम प्रत्यक्ष द्यायची. बॅबेजना यात श्रमविभागणी दिसली. मला त्यात घड्याळ दिसतं. पेट्या भरायची एक वेळ असते आणि हिशेब मिटवायची दुसरी. या दोन वेळांच्या मध्ये चेक ‘वाटेत’ असतो, आणि चेक देणाऱ्याला हे माहीत असतं.

भारतात कलकत्ता, मुंबई, मद्रास या शहरांत हीच पद्धत आली. कलकत्त्यात मोठ्या बँकांची क्लिअरिंग संघटना होती. १९३८ मध्ये तिने नियम केले तेव्हा २५ बँका सभासद होत्या. त्याबाहेरच्या बँकांसाठी ‘वॉक्स क्लिअरिंग’ नावाचा प्रकार चाले: कारकून चालत जाऊन चेक दुसऱ्या बँकेच्या दारात दाखवायचा आणि रोख किंवा बँकर्स चेक घेऊन यायचा. म्हणजे फ्लोट शब्दशः पायांनी मोजायची गोष्ट होती. मोठ्या बँकेवरचा चेक आणि छोट्या बँकेवरचा चेक यांना लागणारा वेळ पहिल्यापासून वेगळा होता, हे इथे लक्षात ठेवा.

१९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि क्लिअरिंग हाउसचं नियमन तिच्या कक्षेत आलं. पुढची पन्नासेक वर्षं मूळ रचना फारशी बदलली नाही. सर्वसाधारण चित्र असं होतं. एका शहरातला, स्थानिक चेक तुम्ही सोमवारी भरला, की त्या दिवशीच्या गठ्ठ्यात तो क्लिअरिंगला जायचा. देणाऱ्याच्या बँकेत तो पोचला की सही, तारीख, शिल्लक बघायची. पैसे नसतील तर ठरलेल्या वेळेच्या आत परतीच्या क्लिअरिंगमध्ये चेक मागे पाठवायचा. ती वेळ टळली की चेक वटला असं धरायचं. घेणाऱ्याला पैसे काढता यायचे ते बुधवारी वगैरे. मध्ये रविवार किंवा सण आला तर अजून पुढे.

आता देणाऱ्याच्या बाजूने बघा. समजा पुण्यातल्या एका किराणा दुकानदाराने शुक्रवारी संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याला चेक दिला. बँक तोवर बंद. व्यापारी शनिवारी चेक भरेल, तेव्हा शनिवार अर्धा दिवस. चेक दुकानदाराच्या शाखेत येणार सोमवारी, नाहीतर मंगळवारी. शनिवार-रविवारचा गल्ला, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात मोठी विक्री, सोमवारी सकाळी रोख भरली की काम झालं. चेक लिहिला त्या क्षणी खात्यात पैसे नव्हते, चेक आला त्या क्षणी होते. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. ‘चेक कधी लागेल?’ हा रोजच्या धंद्यातला साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देता येणं हे कौशल्य होतं.

या कौशल्यात एक बारकावा असा की भरणा रोखीचा हवा. दुकानदाराने सोमवारी रोख न भरता दुसऱ्याचा चेक भरला, तर तो स्वतःच अजून वाटेत. मग बँक त्याचा चेक परत पाठवताना कारण लिहायची: ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड, प्रेझेंट अगेन’. पैसे येताहेत, पण आलेले नाहीत, पुन्हा दाखवा. ‘फंड्स इन्सफिशंट’पेक्षा हा शेरा पुष्कळ सभ्य. परतीच्या चिठ्ठीवरची ही छापील कारणं इतिहासाचं साधन म्हणून मला फार मोलाची वाटतात, कारण गरिबी आणि उशीर या दोन गोष्टींत बँक फरक करत होती याचा तो लेखी पुरावा आहे.

दुसरी गोष्ट लेखी नाही. शाखेत चेक आला आणि पैसे कमी असले, तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला फोन जायचा: ‘शेठ, चेक आलाय, दुपारच्या आत भरून टाका.’ सहकारी बँकांत तर हे सर्रास. जुन्या बँक कर्मचाऱ्यांशी बोललात तर प्रत्येकाकडे असे किस्से असतात. हा फोन कुठल्या नियमात नव्हता. ज्यांना तो यायचा त्यांना फ्लोटचे चार तास अजून मिळायचे. ज्यांची ओळख नव्हती त्यांना परतीचा चार्ज. संशोधन करताना आपण नियमांच्या पुस्तकावरून व्यवस्था समजून घेतो, पण इथे व्यवस्थेचा अर्धा भाग टेलिफोनवर होता.

आता पगारदाराकडे येऊ, कारण त्याचं वेळापत्रक वेगळं होतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत द्यायचा. आणि बचत खात्यावरचं व्याज? ३१ मार्च २०१० पर्यंत ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. हा नियम ज्यांनी जगून पाहिलाय त्यांना ‘दहाच्या आत भर’ हे वाक्य पाठ असेल.

हिशेब करून बघू. तेव्हाचा दर साडेतीन टक्के. खात्यात महिनाभर १०,००० रुपये असले तर त्या महिन्याचं व्याज सुमारे २९ रुपये. पण २० तारखेला ९,००० चा चेक वटला आणि २१ ला तुम्ही पुन्हा ९,००० भरले, तरी महिन्याचं व्याज फक्त १,००० रुपयांवर, म्हणजे तीन रुपयांपेक्षा कमी. एका दिवसाच्या खड्ड्याची किंमत २६ रुपये. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं, आणि त्याच खड्ड्याची किंमत ८६ पैशांवर आली. तारखेचा धाक एका परिपत्रकाने गेला. जुन्या नियमात शहाणपणा असा होता की मोठा चेक द्यायचाच तर तो ९ तारखेच्या आत वटेल असा द्यावा, नाहीतर पुढच्या महिन्यावर ढकलावा. विमा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी, सगळं या गणितात बसवलं जायचं. घराघरातल्या या कॅश मॅनेजमेंटचा इतिहास कुणी लिहिलेला मला सापडला नाही. विषय शोधणाऱ्यांनी हे टिपून ठेवावं.

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे बघितलं होतं, पण वेगळ्या बाजूने. १९५२ मध्ये विल्यम बॉमोल यांनी एक छोटा, आता प्रसिद्ध असलेला लेख लिहिला. त्यांनी विचारलं: माणसाने हाताशी किती रोख ठेवावी? त्यांनी रोख रकमेकडे गोदामातल्या मालासारखं बघितलं. एकदम जास्त काढली तर व्याज बुडतं, थोडी थोडी काढली तर फेऱ्या वाढतात. उत्तर वर्गमुळात येतं: वर्षाचा खर्च गुणिले एका फेरीचा खर्च गुणिले दोन, त्याला व्याजदराने भागा आणि वर्गमूळ काढा. वर्षाला १,२०,००० खर्च, एका फेरीचे २० रुपये आणि व्याज चार टक्के धरलं तर एका वेळी साधारण ११,००० काढावेत, म्हणजे जवळपास महिन्यातून एकदा. फेरीचा खर्च २० रुपयांवरून २० पैशांवर आणा, म्हणजे शंभरपट कमी करा, तर उत्तर दहापटच कमी होतं: साधारण १,१००. वर्गमूळ सगळं मवाळ करतं.

सूत्र सुंदर आहे, पण आपल्या दुकानदाराला ते लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजून घेणं सूत्रापेक्षा उपयोगाचं. बॉमोलच्या माणसाचा खर्च संथ आणि ठरलेला असतो. त्याचा चेक कधी परत जात नाही. दुकानदाराची अडचण अनिश्चिततेची आहे: चेक सोमवारी येईल की मंगळवारी? गल्ला किती होईल? कमी पडलं तर दंड आहे. या प्रश्नाचा पूर्वज बॉमोलपेक्षा जुना आहे. १८८८ मध्ये एजवर्थ यांनी बँकेने किती राखीव रक्कम ठेवावी याचं संभाव्यतेच्या आधारे गणित मांडलं, आणि आज ज्याला ‘न्यूजव्हेंडर’ प्रश्न म्हणतात (पेपरवाल्याने किती पेपर उचलावेत, उरले तर तोटा, कमी पडले तरी तोटा) त्याचं मूळ तिथे सांगितलं जातं. या पद्धतीने बघितलं तर चेक परतीचा दंड जितका मोठा आणि पडून राहिलेल्या पैशाचं नुकसान जितकं छोटं, तितकी शिल्लक जास्त ठेवावी. मग लोक इतक्या कडेवर का चालायचे? कारण शिल्लक ठेवायला मुळात पैसे लागतात. सूत्रात पैसे असलेल्या माणसाने ते कुठे ठेवावेत एवढाच प्रश्न आहे. मला वाटतं, संख्याशास्त्रातून इतिहासात येणाऱ्यांनी मॉडेल फेकून देऊ नये, पण ते कोणाच्या खिशाकडे बघून बनवलंय हे आधी विचारावं.

ज्यांच्याकडे भरपूर पैसे होते त्यांनीही फ्लोट वापरला, फार मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेत १९७० च्या दशकात व्याजदर चढले, तेव्हा कंपन्या मुद्दाम लांबच्या, आडगावच्या बँकेवर चेक काढू लागल्या. चेक जितका फिरेल तितके दिवस व्याज आपलं. ई. एफ. हटन या शेअर दलाली कंपनीने याच्या पुढची पायरी गाठली. निरनिराळ्या बँकांतल्या आपल्याच खात्यांत चेक फिरवून ती न आलेले पैसे वापरत राहिली. मे १९८५ मध्ये कंपनीने टपाल आणि तारयंत्रणेद्वारे फसवणुकीचे २,००० आरोप कबूल केले आणि २० लाख डॉलर दंड भरला. दुकानदार जे एका चेकपुरतं करतो ते इथे रोजच्या उत्पन्नाचं साधन झालं होतं. दोन खात्यांचे चेक एकमेकांत फिरवत ठेवण्याला इंग्रजीत ‘काइटिंग’, पतंगबाजी म्हणतात.

आपल्याकडे त्याच्या जवळची घटना २००१ ची, आणि ती मुंबईत घडली. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मांडवी शाखेने केतन पारेख यांच्या कंपन्यांना पे ऑर्डर दिल्या. पे ऑर्डर म्हणजे बँकेने स्वतः दिलेला कागद, त्यामुळे समोरचा डोळे मिटून घेतो. बँक ऑफ इंडियाने त्या वटवून पैसे आधीच दिले. पे ऑर्डर क्लिअरिंगला गेल्या आणि १३७ कोटींच्या परत आल्या. माधवपुरावर ठेवीदारांची झुंबड उडाली आणि तिच्यात पैसे ठेवलेल्या कित्येक सहकारी बँका अडचणीत आल्या. पुढे २०१२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. घोटाळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या विषयापुरतं महत्त्वाचं इतकंच की कागद दिला जाणं आणि कागद वटणं यातल्या त्याच जुन्या फटीत १३७ कोटी मावले.

अशा मोठ्या उदाहरणांमुळे फ्लोट म्हणजे लबाडी असं मत बनायला मदत झाली. पण भारतात कायदा कडक झाला तो त्याआधीच, आणि वेगळ्या कारणाने. चेकवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून १९८८ च्या दुरुस्तीने एनआय ॲक्टमध्ये १३८ वं कलम आलं, १ एप्रिल १९८९ पासून ते लागू झालं. देणं फेडण्यासाठी दिलेला चेक पैसे अपुरे म्हणून परत गेला तर गुन्हा. आधी शिक्षा एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत झाली. दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत.

पण कलम नीट वाचा. चेक परत गेला की लगेच गुन्हा होत नाही. घेणाऱ्याने बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची (मूळ कायद्यात हे १५ दिवस होते), आणि नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे दिले तर प्रकरण संपलं. चेकला १८८१ च्या कायद्याने सवलतीचे तीन दिवस नाकारले होते. एकशे सात वर्षांनी तोच कायदा फौजदारी धाक दाखवताना १५ दिवस देऊन बसला. मुदतीच्या बिलाची सवलत आधी मिळायची, चेकची नंतर मिळते, वकिलाच्या फीसकट.

परिणाम आकड्यांत दिसतो. विधी आयोगाच्या २००८ मधल्या २१३ व्या अहवालात चेक परतीचे ३८ लाखांहून जास्त खटले पडून असल्याचं म्हटलं आहे. २०१९ अखेरीस हा आकडा ३५.१६ लाख होता, तोही देशात एकूण २.३१ कोटी फौजदारी खटले प्रलंबित असताना. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्वतःहून यात लक्ष घातलं तेव्हा ही आकडेवारी पुढे आली. मध्यंतरी खटला चालवायचा कुठे यावरही गोंधळ झाला. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निकालाने ठरवलं की ज्या शाखेवर चेक काढलाय तिथेच तक्रार करायची. म्हणजे नागपूरचा चेक मुंबईत परत आला तर मुंबईकराने नागपूर गाठायचं. २०१५ च्या दुरुस्तीने हे उलटवलं: घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं न्यायालय. चेक ‘कुठे’ परत जातो, हा प्रश्न बॅबेजच्या खोलीत पडलाच नसता.

तो प्रश्न पडला, कारण एव्हाना कागदाने प्रवास करणंच थांबवलं होतं.

त्याची कथा थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चार महानगरांत एमआयसीआर आलं. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेले ते चमत्कारिक आकार तेच. त्यातल्या नऊ आकड्यांतले पहिले तीन शहराचे, पिनकोडशी जुळणारे: मुंबई ४००, पुणे ४११. मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. चेक यंत्राने निवडले जाऊ लागले, पण गठ्ठे अजून गाड्यांतूनच जात. परगावच्या चेकचं दुखणं तर वेगळंच होतं. त्याला कधी कधी आठवडे लागत आणि त्या काळात पैसे बँकांकडे फिरत. इथे फ्लोट देणाऱ्याचाही नव्हता आणि घेणाऱ्याचाही नव्हता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये यात हात घातला आणि राज्यांच्या राजधान्या, मोठी शहरं आणि इतर ठिकाणं यांच्यासाठी ७, १० आणि १४ दिवसांची मर्यादा आली.

मग चेक ट्रंकेशन, सीटीएस. १ फेब्रुवारी २००८ ला दिल्ली परिसरात, सप्टेंबर २०११ मध्ये चेन्नईत, एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत. चेक जिथे भरला तिथेच थांबतो, त्याची प्रतिमा आणि आकडे पुढे जातात. (अमेरिकेने याच वाटेचा कायदा २००३ मध्ये केला. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर आली तेव्हा चेकचे गठ्ठेही विमानतळांवर अडकले आणि फ्लोट कितीतरी पटींनी फुगला. तो अनुभव त्यामागे होता.) सीटीएसबरोबर अजून एक गोष्ट गेली. चेक आता शाखेत ‘येतच’ नव्हता. तपासणी मोठ्या शहरातल्या प्रक्रिया केंद्रात होऊ लागली, आणि तिथे बसलेल्या माणसाकडे शेठचा नंबर नसतो.

पगारदाराच्या बाजूला आगाऊ तारखांच्या चेकचे गठ्ठे जाऊन ईसीएस आणि मग नाच, म्हणजे एनएसीएच आलं. हप्ता परत गेला तर १३८ सारखीच शिक्षा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमात आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच आठवड्याचे सातही दिवस चालतं, त्यामुळे ५ तारखेला रविवार असला तरी हप्ता रविवारीच. ‘उद्या बँक बंद आहे, परवा बघू’ हा एक दिवस तिथे संपला. भरण्याची बाजूही वेगवान झाली हे खरं: एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे, आणि युपीआय तर आहेच. रात्री साडेअकराला खात्यात पैसे टाकून सकाळचा हप्ता वाचवता येतो. पण त्यासाठी ते पैसे कुठल्यातरी खात्यात आधीच असावे लागतात. सोमवारी सकाळी बँकेत जाणारा गल्ला अजून गल्ल्यातच असेल तर उपयोग नाही.

४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठ्यांची पद्धतही गेली. चेक जसे स्कॅन होतील तसे सतत पुढे जातात, देणाऱ्याच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार द्यायचा, आणि काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर धरायचा. सोमवारी सकाळी भरलेला चेक सोमवारीच लागतो. आपल्या पुण्यातल्या दुकानदाराला आता उरला तो फक्त शुक्रवार संध्याकाळपासून घेणारा बँकेत जाईपर्यंतचा वेळ, आणि तो पूर्णपणे घेणाऱ्याच्या मर्जीवर.

यात कुणाचं भलं झालं? घेणाऱ्याचं, हे उघड आहे, आणि ते छोटं नाही. बाजार समितीत माल विकून चेक घेऊन घरी गेलेला शेतकरी हा या गोष्टीतला घेणारा आहे. त्याचा चेक वटायला लागणारे दिवस म्हणजे त्याने व्यापाऱ्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये रोखीचे वांधे झाले आणि बाजार समित्यांत चेकने पैसे दिले जाऊ लागले, तेव्हा हे कर्ज एकदम डोळ्यावर आलं. त्यात शेतकऱ्याचं खातं जिल्हा सहकारी बँकेत असलं, आणि ती बँक दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधाराने क्लिअरिंगमध्ये भाग घेत असली, की एक पायरी अजून वाढते. कलकत्त्यातले मोठ्या बँकांचे सभासद आणि चालत जाणारे कारकून, हा फरक सत्तर-ऐंशी वर्षांनी वेगळ्या नावाने शिल्लक होताच. म्हणून मी फ्लोट संपल्याचं रडगाणं गायला तयार नाही. पण तो ‘अकार्यक्षमता’ होता आणि तंत्रज्ञानाने ती दूर केली, असं एका ओळीत लिहिणाऱ्या अहवालांशीही माझं जमत नाही. मोठ्या कंपनीकडे ओव्हरड्राफ्ट असतो. तिला तीन दिवस हवे असतील तर ती व्याज भरून घेते. छोट्याला तेच तीन दिवस फुकट आणि न विचारता मिळत होते. त्यांच्या जागी आता चेक परतीचा चार्ज आणि त्यावरचा जीएसटी आहे.

ज्यांना यावर काम करायचंय त्यांच्यासाठी साधनांबद्दल दोन गोष्टी. फ्लोट कुठल्याच कागदावर स्वतःच्या नावाने लिहिलेला नसतो. तो दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसतो: रोकड वहीतली चेक दिल्याची तारीख आणि पासबुकातली खर्ची पडल्याची तारीख. एकट्या पासबुकावरून तो कळणार नाही, एकट्या वहीवरूनही नाही. त्यामुळे जुन्या दुकानाची वही कुठे मिळाली तर त्याच वर्षाचं पासबुक आहे का, हे आधी विचारा. जोडी मिळणं दुर्मीळ असतं. बँक जुळवणी पत्रक सापडलं तर उत्तमच, कारण कुणीतरी तुमचं काम आधीच करून ठेवलेलं असतं. धोरणाची बाजू बघायची तर रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यातच आहे. क्लिअरिंगबद्दलचे कागद चाळताना समित्यांच्या शिफारशींपेक्षा वेळांची कोष्टकं शोधा: गठ्ठा किती वाजेपर्यंत घ्यायचा, परतीची वेळ कोणती, शनिवारी काय. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण सध्या त्या कोष्टकांवरच उभं राहतंय, आणि परतीची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करण्यावरून बँका एकमेकींशी किती भांडू शकतात ते पुढच्या लेखात लिहीन.